सूत्रधाराची खुर्ची

माणसाला घरात कोंडायला कडीकुलूप लागत नाही. त्याचा पत्ता एखाद्या पेटीवर छापला की पुरतं. 'शेजार' नावाच्या खेळाची पुठ्ठ्याची पेटी कुठल्या दुकानात दिसली तर उलटी करून बघा. छापखान्याच्या नावाच्या वर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे: 'खेळताना काही अडल्यास लेखिकेस समक्ष भेटा, दर रविवारी सकाळी.' त्याखाली आमचं घाटकोपरचं, पंतनगरातलं घर, बिल्डिंग आणि खोलीच्या नंबरासकट, रेशनच्या दुकानावर म्हणून खूणसुद्धा दिलेली. लेखिका मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

हा उद्योग श्यामकांतरावांचा. ते माझे प्रकाशक. स्टेशनच्या पश्चिमेला त्यांचं ऑफिस आहे आणि दहावीची गाइडं, उपासाच्या पदार्थांची पुस्तकं आणि पत्रिका जुळवायची कोष्टकं यांवर ते चालतं. त्यात माझा खेळ कसा शिरला ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

माझा मावसभाऊ विद्याधर पवईला इंजिनिअरिंग शिकत होता. त्याच्या होस्टेलवर मुलं एक परदेशी खेळ खेळायची. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. गुहा, राक्षस, तलवारी असला सगळा मामला. विद्याधरने मला मोठ्या कौतुकाने दाखवायला नेलं. मी शाळेत शिकवणारी बाई. थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हटलं, "राक्षस हवेत तर गुहेत कशाला जाता रे? एखाद्या सोसायटीच्या वार्षिक सभेला जा." मुलं हसली. मी मात्र घरी येऊन लिहायला बसले.

'शेजार'मध्ये आजची मुंबई आहे, उपनगरातली एक बिल्डिंग आहे, सहजीवन सोसायटी. खेळणाऱ्याने एकेक कार्ड उचलायचं आणि त्या कार्डावरचं माणूस व्हायचं: सेक्रेटरी, तळमजल्यावरचा शिंपी, गच्चीला कुलूप लावणाऱ्या दीक्षितबाई, कुणाचा तरी पोटभाडेकरू. या कार्डांना आम्ही 'माणसं' म्हणतो. काही कार्डं कोरी असतात, त्यांवर आपल्या मनातलं माणूस उभं करायचं. उरलेले सगळे, म्हणजे वॉचमन, दूधवाला, सासवा, नणंदा, वॉर्ड ऑफिसातला कारकून, हे एकट्या सूत्रधाराने व्हायचं. सूत्रधार अडचण आणतो. टाकीत पाणी नाही, जिन्यातला दिवा गेलाय, नको ते पाहुणे आलेत. मग एकेकाला विचारतो, "आता तुम्ही काय करता?" जे सांगाल ते पुढे चालतं. एखादी गोष्ट जमली की फसली, ते फासा ठरवतो. सूत्रधारालाही स्वतः बोलायचं नसेल तर तो फाशावर ढकलू शकतो. मोठा नियम एकच: बोललं ते घडलं. तोंडातून निघालं की मागे घ्यायचं नाही.

श्यामकांतरावांना वाटलं हा सापशिडीचा कुणी भाऊ असेल. त्यांनी छापला. लोकांनी घेतला, घरी जाऊन पेटी उघडली आणि परत दुकानात. "यात पट घालायचा विसरलात," म्हणे. सूत्रधार म्हणजे काय ते कुणालाच कळेना. तेव्हा श्यामकांतरावांनी डोकं चालवलं. मिक्सर घेतला की कंपनीचा माणूस घरी येऊन दाखवून जातो, तसंच हे. फक्त माणूस पाठवायचा त्रास नको म्हणून त्यांनी लोकांनाच माझ्याकडे पाठवलं. याला ते 'खेळाला पाठबळ' म्हणतात.

सुरुवातीला जे आले ते बहुतेक भलत्याच कामासाठी आले. आमच्या पहिल्या पुरवणीचं, म्हणजे सूत्रधाराला तयार अडचणी पुरवणाऱ्या पुस्तिकेचं, नाव 'टाकीचं पाणी'. ती वाचून बोरिवलीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आणि खजिनदार आपल्या खऱ्याखुऱ्या टाकीचा नकाशा घेऊन दारात उभे. पाणी आधी कुठल्या विंगला सोडायचं याचा निकाल मी द्यायचा. मी म्हटलं, अहो, हा खेळ आहे. सेक्रेटरी म्हणाले, "असेल, पण लिहिलंय बरोब्बर." आईने त्यांना आत बोलावलं, चहा दिला, आणि चहा पिता पिता विचारलं, "तुमचा पंप कुणाच्या मीटरवर आहे?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. भांडणाचं मूळ नेमकं तिथेच होतं, पण आईला ते कसं दिसलं हे आम्ही तेव्हा हसण्यावारी नेलं. त्यातले खजिनदार चंद्रप्रकाश पुढच्या रविवारी एकटेच आले, खेळायला. बँकेत असतात, बायको माहेरच्या माणसांत रमणारी. तेव्हापासून ते आरे कॉलनीतून, पवईवरून स्कूटर हाणत दर रविवारी येतात. टीव्हीवरची सकाळची मालिका संपली की निघतात आणि येताना आरेच्या दुधाची एखादी बाटली आणतात. वरच्या मजल्यावरच्या नलिनीताई खाली येतात. त्यांचे यजमान गिरणीत होते, संपानंतर नलिनीताईंनी घरीच पोळीभाजीचे डबे सुरू केले. कधी मुलुंडची कुणी दोघं, कधी अंधेरीचं नवं जोडपं. मी सूत्रधाराच्या खुर्चीत, म्हणजे बाबांच्या वेताच्या खुर्चीत, बाकीचे सतरंजीवर. तीन वर्षं झाली.

एक गंमत सांगते, म्हणजे मला ती गंमत वाटत नाही. माझाच खेळ मी कधी खेळलेले नाही. सूत्रधाराला स्वतःचं माणूस नसतं. तो सगळ्यांचं बोलतो आणि त्याला कुणी विचारत नाही, आता तू काय करतेस.

आता आईबद्दल. बाबा गेल्यावर आई जिना उतरायची थांबली. बाबांना हे घर हाऊसिंग बोर्डाच्या सोडतीत लागलं होतं, त्यांचा नंबर पुकारला तेव्हा आई तिथे हजर होती, आणि या घराबाहेर आता आपलं काही नाही असं तिने ठरवून टाकलं. माझा भाऊ नंदकिशोर बडोद्याला असतो. तो दरवर्षी न्यायला येतो आणि दरवर्षी लोणच्याची बरणी घेऊन एकटाच परत जातो. 'शेजार'ने तिला रविवार दिला. शनिवारीच साबुदाणा भिजत पडतो. रविवारी ठेवणीतली साडी. ती बैठकीत मात्र येत नाही. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसते आणि सगळे गेल्यावर मला ऐकवते.

"दीक्षितबाईला तू फार लवकर सोडलंस. मी असते तर तिच्या नणंदेला त्याच वेळी जिन्यात आणलं असतं. नणंद समोर असली की बाईला धड भांडताही येत नाही आणि निघूनही जाता येत नाही."

"मग बस ना तू खुर्चीत."

"मला कुठलं जमायला, बाई."

माणसाला कुठे अडवायचं हे तिला उपजत कळतं. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? आईने मला आयुष्यात कधी 'जाऊ नको' म्हटलेलं नाही. बी.एड.ला पुण्याला जायचं ठरलं तेव्हा तिचा पाय मुरगळला. नाशिकचं स्थळ आलं तेव्हा तिला चक्कर यायला लागली. खोटं काही नव्हतं हो. पाय खरोखर सुजला होता, चक्कर डॉक्टरांनीही मान्य केली होती. मी दर वेळी थांबले आणि ती दर वेळी म्हणाली, "माझ्यासाठी कशाला थांबलीस?"

तर यंदाच्या एप्रिलात सुगंधा आली. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, दापोलीजवळ एक शाळा चालवते. मुलींचं वसतिगृह आहे, आणि ते बघायला तिला बाई हवी होती. राहायला दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, संध्याकाळी मुलींना घेऊन काय हवं ते कर म्हणाली. "तुझे ते खेळसुद्धा कर. पण मला जूनच्या आत बाई पाहिजे. तू नाही म्हणालीस तर दुसरी बघते, तुझ्यासाठी अडून राहणार नाही मी." सुगंधा अशीच बोलते.

मला जायचं होतं. इतकं सरळ मला आयुष्यात काही हवंसं वाटलं नव्हतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये, रेशनच्या रांगेत, कुठेही मला त्या दोन खोल्या दिसायच्या. चाळिशी जवळ आली, आणि आपण दार लोटून घेतल्यावर पलीकडे कुणी नाही अशी खोली मी अजून बघितलेली नव्हती.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"जा की. चांगलं आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "रविवारी लोक येतील त्यांना काय सांगू?"

"सांग, गेली."

"बोरिवलीहून येतो तो माणूस. ऊन-वारा बघत नाही. जिना चढून येतात आणि दारातून परत पाठवायचं?" तिने ताटातला एक खडा बाजूला टाकला. "माझं काही नाही गं. मी काय, भिंत आहे, खिडकी आहे."

मी आईला ओळखते. तिला स्वतःचं नाव घ्यायचं नसलं की ती चंद्रप्रकाशांचं घेते. पण 'तुझ्यासाठी थांबत नाही' असं म्हणता येतं. लांबून आलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठव, असं म्हणता येत नाही. आमच्या घरात तर नाहीच नाही.

मी तडक श्यामकांतरावांकडे गेले. म्हटलं, पेटीवरून माझा पत्ता काढा, दुसरा कुणी माणूस ठेवा, मी मुंबई सोडतेय.

श्यामकांतरावांनी पान तोंडातल्या तोंडात फिरवलं. "बाई, पुस्तक छापलं की लेखक मोकळा. खेळाचं तसं नसतं. खेळाला पाठीशी माणूस लागतं. तुम्ही गेलात की लोक पेट्या परत आणणार, पट कुठाय म्हणून. मग मी 'शेजार' बंद करतो. उरलेला माल रद्दीत."

"माझा खेळ रद्दीत?"

"मला काय हौस आहे? तिसरी पुरवणी जाहीर करून बसलोय मी. पेटीची नवीन छपाई झालेली आहे, ती बघा." कोपऱ्यात पेट्यांची झाकणं छताला लागली होती. प्रत्येकीच्या पाठीवर मी. "पत्ता आता बदलता येणार नाही. त्या पत्त्यावर दुसरं कुणी बसणार असेल तर बसवा, माझी ना नाही. लोकांना काय, अडलेलं सुटल्याशी मतलब."

परत येताना पुलावर मी कठड्याला धरून उभी राहिले. खेळ मेला तर आईचा रविवार मेला, आणि आईचा रविवार मेला तर मी कुठून जाते? ज्या पुठ्ठ्याच्या पेटीत मी चार भिंतींतून सुटायला शिरले होते, तिचंच झाकण माझ्यावर बसलं होतं. मला त्या वेळी श्यामकांतरावांचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

तरी एक करून बघितलं. चंद्रप्रकाशांना म्हटलं, तुम्ही खुर्चीत बसा. त्यांना खेळ पाठ आहे, माणूस सज्जन, दर रविवारी यायला तयार. ते नवा शर्ट घालून आले. खुर्चीत बसले. आणि वाट लागली.

नलिनीताईंची दीक्षितबाई वॉचमनकडे गच्चीची किल्ली मागायला गेली. वॉचमन झालेले चंद्रप्रकाश म्हणाले, "अर्ज द्या." ती सेक्रेटरीच्या बायकोकडे गेली. सेक्रेटरीची बायको म्हणाली, "उद्या या." दूधवाला म्हणाला, "ते माझ्या अखत्यारीत येत नाही." मुलुंडहून आलेल्या दोघांनी हळूच घड्याळं बघितली.

"अहो, सगळे तुमच्या बँकेतलेच काय हो?" नलिनीताई म्हणाल्या आणि मालवणीवर आल्या. "ह्यांच्यापेक्षा आमचो खरो वॉचमन बरो, शिव्या तरी घालता."

चंद्रप्रकाशांनी घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी उठले आणि खुर्चीत जाऊन बसले, आणि सगळ्यांनी सुस्कारा टाकला. स्वयंपाकघराच्या दारातून आईनेही. माझ्या अंगाखाली त्या खुर्चीचा वेत नेहमीसारखा करकरला आणि मला तिथेच रडू कोसळेल असं वाटलं. रडले नाही. "पोस्टमन आलाय," मी म्हटलं, "आता तुम्ही काय करता?"

पुढच्या रविवारी सुगंधा उत्तर घ्यायला येणार होती. ती त्याच दिवशी दुपारच्या एस.टी.ने परत निघायची होती. आठवडाभर आई माझ्याशी फार गोड वागली. माझ्या आवडीची आमटी, माझी साडी इस्त्रीला. शनिवारी तिने कपाळ दाबून धरलं आणि म्हणाली, "काही नाही, उन्हाचं." मी मनात म्हटलं, झालं. आता चक्कर येणार.

रविवारी सुगंधा आली, बॅग दाराशी ठेवून सतरंजीवर बसली. चंद्रप्रकाश आले, नलिनीताई आल्या. नलिनीताईंनी बसता बसताच जाहीर केलं, "आज माका सेक्रेटरी होवचा आसा." सगळ्यांची माणसं ठरली. खुर्ची रिकामी होती आणि सगळे माझी वाट बघत होते. माझे पाय त्या खुर्चीकडे जाईनात. मुद्दाम ठरवून केलं असं म्हणणार नाही. खरंच जाईनात.

मी सतरंजीवर सुगंधाच्या शेजारी बसले. "आज मी खेळणार आहे," मी म्हटलं.

"मग सूत्रधार कोण?" चंद्रप्रकाशांनी घाबरून विचारलं.

"आई."

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. "काहीतरीच काय. माझे हात ओले आहेत."

"हात पूस आणि ये," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. त्यात राग होता, उघड. "तीन वर्षं मला दारात बसून शिकवतेस ना, कुणाला कुठे अडवायचं? ये, अडव."

मग नलिनीताईच उठल्या, आईला दंडाला धरून घेऊन आल्या आणि बाबांच्या खुर्चीत बसवलं. आईने पदर सावरला, फासा हातात घेतला, खाली ठेवला. एकदा खिडकीकडे बघितलं. आणि मग अगदी वेगळ्याच, चिरक्या आवाजात म्हणाली, "सेक्रेटरी, अहो सेक्रेटरी! तुमच्या सासूबाई खाली रिक्षातून उतरल्यात आणि रिक्षावाल्याशी भांडतायत. सोबत वळकटी आहे. म्हणजे मुक्काम मोठा दिसतोय. आता तुम्ही काय करता?"

नलिनीताईंनी तोंडाला पदर लावला.

मी काय सांगू, माझी आई झकास खेळवते. वॉचमन वेगळा, सासू वेगळी, सासूच्या बोलण्यात कोल्हापूर डोकावतंय, दूधवाल्याला दमा. चंद्रप्रकाश पोटभाडेकरू झाले होते, त्यांना तिने जिन्यात असं गाठलं, वर मालक आणि खाली सासू, की बिचारे खरोखरच इकडेतिकडे बघायला लागले. सुगंधा शिंपी झाली होती, ती एस.टी. विसरली. आई मधूनच हसत होती. तिचं हसू मी किती दिवसांनी बघत होते. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाबरोबर आणखी एक गोष्ट कळली, ती मला भोसकून गेली. ही बाई या घरात माझ्याइतकीच अडकून पडली होती.

माझी पाळी आली. मी कोरं कार्ड उचललं.

"कोण तू?" आईने विचारलं. सूत्रधाराच्या आवाजात.

"पहिल्या मजल्यावर राहते," मी म्हटलं. "आईबरोबर. शाळेत शिकवते. मला बाहेरगावी नोकरी लागलीय. बॅग भरून झालीय. आज निघायचं आहे."

सुगंधाने माझ्याकडे बघितलं. आईने नाही बघितलं. तिने फासा हातात घोळवला.

"बाहेर ऊन फार आहे," ती म्हणाली. "वॉचमन सांगतोय, एकही रिक्षा नाही. आता तू काय करतेस?"

"चालत जाते."

"जिन्यात दीक्षितबाई भेटतात. विचारतात, आईचं काय गं?"

"त्यांना सांगते, आई धडधाकट आहे. शनिवारी कपाळ दुखतं, रविवारी उतरतं."

नलिनीताईंना खोकला आला. आईच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिने सोडलं नाही. बॅगेचा बंद तुटला. तो मी बांधला. शाळेतून निरोप आला की जागा भरली. चंद्रप्रकाशांचा पोटभाडेकरू खाली धावत गेला आणि निरोप खोटा असल्याचं सांगत आला. त्यांनी फासा टाकला, सहा पडला. बिचाऱ्यांना तीन वर्षांत पहिल्यांदाच सहा पडला होता. नलिनीताईंच्या सेक्रेटरीने स्वतःची सासू ज्या रिक्षातून आली तीच रिक्षा थांबवून धरली. आईकडे आता फारसं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "मी बॅग उचलते आणि दाराशी येते."

आई म्हणाली, "दारात आई उभी आहे."

खाली रेशनच्या दुकानात कुणीतरी रॉकेलचा डबा ओढत होतं, तेवढाच आवाज. आई माझ्याकडे बघत होती, सरळ, आणि तिचा आवाज कुणाचाच नव्हता, तिचा होता.

"आता तू काय करतेस?"

मला हजार गोष्टी सुचल्या. मी तिला बाजूला करते. मी तिच्या पाया पडते. मी बॅग खाली ठेवते. शेवटची सगळ्यांत सोपी होती, आणि ती माझ्या जिभेवर आली होती.

"मी तिला विचारते," मी म्हटलं, "आई, मी जाऊ?"

सूत्रधाराला बाकी सगळ्यांचं बोलावं लागतं. तो नियम मीच लिहिला होता, आणि तिने तो दारातल्या स्टुलावर बसून पुन्हापुन्हा ऐकला होता. तिला आईचं उत्तर द्यायचं होतं. 'जा की' म्हणून चालणार नव्हतं. ते ती तांदूळ निवडतानाच म्हणाली होती, आणि त्यातून काहीच घडलं नव्हतं.

तिने फासा उचलला. मुठीत धरला. फाशावर ढकलायची तिला मुभा होती आणि मला वाटलं, ढकलेल. मी मनात म्हटलं, एक पडू दे किंवा सहा पडू दे, एकदाचं काही तरी पडू दे.

तिने मूठ उघडली आणि फासा पेटीत टाकून दिला.

"आई बाजूला होते," ती म्हणाली.

मग चंद्रप्रकाश, बँकेतला माणूस, चेकवर शिक्का मारावा तसे हळू पण स्पष्ट म्हणाले, "बोललं ते घडलं."

"मला ठाऊक आहेत नियम," आई म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले, नाकही पुसलं, खुर्चीत सावरून बसली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "दार मोकळं आहे. आता तू काय करतेस?"

हा प्रश्न मी कितीजणांना विचारला असेल. सगळं आयुष्य जे दार उघडायची वाट बघत काढलं ते उघडं होतं, आणि मी सतरंजीवर मांडी घालून बसले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते. सुगंधाने माझा हात धरला आणि मला उभी केली.

आईने बाजूची सगळी कार्डं गोळा करून आपल्या मांडीवर घेतली.

"बाहेर पड गं," ती म्हणाली. "माझी माणसं खोळंबलीत."